मोसंबीच्या हिरव्या बुरशीला लसूण की निंबोळी?

अंबडकर: राम राम मंडळी. आंबिया बहाराचा माल तोडलाय. भाव पडलेला, म्हणून थोडा शेडात ठेवला तर फळं सडायलेत. देठापाशी पांढरा ठिपका पडतो अन् बघता बघता अख्खं फळ हिरव्या भुकटीनं भरतं. रासायनिक औषधात बुडवायचं मनात नाही, घरचीच लेकरं खातात. निंबोळ्या आहेत, लसूण आहे. अर्कात बुडवून जमेल का?

बालाघाटचा बागवान: निंबोळी फळाला नको, वास सालीला बसतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. लसूण उकळून गाळून घ्या.

पाचोडची ताई: दादा, उकळू नका! बुरशीला मारणारं ॲलिसिन पाकळीत आयतं नसतं, ठेचल्यावर तयार होतं. उकळत्या पाण्यात ते तयार करणारं एन्झाइमच मरतं. कच्चाच ठेचा, जरा वेळ ठेवा, मग गार पाण्यात कालवून गाळा. शिळा वापरू नका, जोर जातो. ओव्याच्या तेलातलं थायमॉलही बुरशीवर जालीम आहे, पण ते पाण्यात नीट मिसळत नाही अन् तेल नुसतं चोपडलं तर साल भाजते. काहीही लावा, आधी चार फळांवर बघा.

खरं तर अर्काच्या आधी तोडणी बघा. ही पेनिसिलियम बुरशी, धड सालीतून शिरत नाही, तिला जखम लागते. वर खरचटल्या सालीतून जे तेल सुटतं, त्याच्या वासानं तिचे बीजाणू आणखीच जोमानं रुजतात. गडी फळ पिळून तोडतात, देठ उपटतो, तुमचा पांढरा ठिपका तिथलाच. हातात कात्री द्या. तोडणी लांबते म्हणून आमचे मालक कुरकुरतात, कुरकुरू देत. दवात तर तोडूच नका, साल ताठलेली असते, तेलाच्या पुटकुळ्या फुटतात.

अर्क लावायचा तर तोडल्या दिवशीच. बुरशी सालीत उतरल्यावर वरून काही पोचत नाही. खायचा सोडाही चालतो, 100 लिटर पाण्याला 3 किलो. त्यानं ती दबते, मरत नाही.

अंबडकर: ताई, ज्या क्रेटात एक सडलं, त्यातल्या बाकीच्यांचं काय?

पाचोडची ताई: हिरवी असेल तर शेजारच्या धड फळात सहसा शिरत नाही, नुसती भुकटी बसते. निळी मात्र फळाला फळ लागून पसरते. सडकं फळ पिशवीत धरून अलगद उचला, शेडापासून लांब पुरा. क्रेट धुऊन उन्हात टाका. अन् तो माल आधी विका, भावाची वाट बघू नका.