मदत हवी आहे: पाव आण्यावरचा आत दबलेला उलटा राजा, टांकसाळीची चूक की शिकंज्याची करामत?

पंचम जॉर्ज, पाव आणा, १९१९, ब्राँझ. एका बाजूला डावीकडे बघणारा राजा नेहमीसारखा. दुसऱ्या बाजूला मूल्य-सालाऐवजी तोच राजा आत दबलेला, उजवीकडे बघणारा, अक्षरंही उलटी. विकणारा ‘ब्रोकेज’ म्हणतोय, म्हणजे आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच उलटा छाप उमटला, अशी टांकसाळीची चूक.

वजन ४.७९ ग्रॅम (प्रमाण ४.८६), व्यास व्हर्नियरवर २५.५ मिमी, कड साधी. म्हणजे ठोकून पसरवलेलं वाटत नाही. पण नुसत्या उलट्या छापावर माझा भरवसा नाही. दोन नाणी शिकंज्यात आवळली तरी छाप असाच उलटा येतो.

गोची पुढेच आहे. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात, दबलेल्या राजाच्या गालावर मूल्याच्या बाजूवरच्या ‘क्वार्टर’ या शब्दातल्या ‘क्यू’ची शेपटी पुसट दिसते, तिचा उठाव चेपलेला. खऱ्या पूर्ण ब्रोकेजमध्ये मूल्याचा ठसा त्या चकतीला लागतच नाही, मध्ये आधीचं नाणं चिकटलेलं असतं. अर्धवट ब्रोकेज असतं तर मूल्याचा भाग कडेला, ठसठशीत उठलेला हवा आणि दबलेला चेहरा सरकलेला. इथे चेहरा बरोबर मधोमध आहे! म्हणून शिकंज्याचा संशय.

शिकंज्याच्या विरुद्ध जाणारी एकच गोष्ट: सुलट बाजूची दाढी आणि मुकुट अजिबात सपाट झालेले नाहीत. मागे चामडं किंवा शिसं ठेवून दाबलं तर उठाव असा शाबूत राहतो का? आणि आधी छापलेली चकती परत ठशाखाली गेली असेल, तर ते कशावरून ओळखायचं?

नाणं घासलेलं नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलंय. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो जोडलेत.