नाशिक रोड स्टेशन गावापासून इतकं लांब का? आणि मुंबईला अप-डाऊन कसं जमवायचं?

इंदिरानगरचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. बायकोची बदली नाशकात झाली म्हणून आम्ही कोल्हापूरहून इकडे आलो. माझं ऑफिस फोर्टात, आठवड्यातले काही दिवस तिकडे तोंड दाखवावंच लागतं. दोन प्रश्न आहेत. स्टेशन गावापासून एवढं लांब का ठेवलं? रिक्षावाले काका म्हणाले, इंग्रजांच्या काळात तीर्थक्षेत्रातल्या लोकांनी "आगगाडी गंगेजवळ (म्हणजे गोदावरीजवळ) नको" म्हणून हाकलली. खरं का हे? आणि दुसरं म्हणजे, वंदे भारतने सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का? इथून दोन-दोन वंदे भारत जातात म्हणे.

जेलरोडकर

रिक्षावाल्यांची गोष्ट मीही शाळेत असल्यापासून ऐकतोय. गोष्ट झकास आहे, पण एकदा नकाशा उघडा आणि इगतपुरीपासून मनमाडपर्यंत बोट फिरवा. घोटी, देवळाली, नाशिक रोड, ओढा, निफाड, लासलगाव. लाइन ईशान्येला धरूनच चाललीय. पंचवटी आणि जुनं नाशिक या वाटेच्या डाव्या हाताला राहतं. लाइन टाकणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीला रामकुंडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा होता आणि पुढे उत्तरेकडे जायचं होतं. गोदावरी ओलांडायचीच होती, ती त्यांनी ओढ्याच्या पुढे ओलांडली. गावात शिरून वळसा कोण कशाला घालेल?

सगळा जीव अडकला होता तो घाटात. कसारा ते इगतपुरी, आपला थळ घाट, 1865 साली खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले, पण घाट सुरू झालेला बघायला ते राहिले नाहीत, 1862 लाच गेले. 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळला आणि मुंबई-कलकत्ता गाड्या आपल्या दारावरून धावायला लागल्या. पंजाब मेल 1912 पासूनची. आजही ती नाशिक रोडला थांबते, फक्त पेशावरऐवजी फिरोजपूरला जाते.

तेव्हाच्या नाशिककरालाही स्टेशन लांबच वाटायचं, म्हणून 1889 मध्ये ट्राम आली. हसू नका, खरंच आली होती. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट स्टेशनपर्यंत, अडीच फुटी रुळांवर, दोन डबे आणि ओढायला चार घोडे. त्यामागे डोकं होतं एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली ते हेच. 1930 नंतर लवकरच ट्राम तोट्यात जाऊन बंद पडली. आज द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलो की मला ती हटकून आठवते.

आणि "लांब" हे तुमच्या इंदिरानगरवरून. आमच्यासाठी तेच गाव आहे. 1925 ला सिक्युरिटी प्रेस आली, 1928 ला नोट प्रेस, त्यामागोमाग कामगार, चाळी, बाजार. 1982 मध्ये महानगरपालिका होईपर्यंत नाशिकरोड-देवळालीची नगरपालिकासुद्धा वेगळी होती. आमची आजी इथल्या बिटको चौकातून निघताना "नाशकाला जाऊन येते" म्हणायची.

आता गाड्या. वंदे भारत विसरा. शिर्डीची वंदे भारत (फेब्रुवारी 2023 पासून) सकाळी मुंबईहून निघते आणि संध्याकाळी शिर्डीहून मुंबईला परतते. म्हणजे ती मुंबईकराच्या साईदर्शनासाठी आहे, नाशिककराच्या नोकरीसाठी नाही. दुसरी डिसेंबर 2023 ला जालन्याहून सुरू झाली, आता नांदेडहून येते. ती मुंबईत टेकते दुपारी, आणि मुंबईहून परतीची गाडीही दुपारीच सुटते. तुम्ही ऑफिसात पोचेपर्यंत डबे खाऊन झालेले असतील.

तुमची गाडी एकच: पंचवटी एक्सप्रेस. 1 नोव्हेंबर 1975 पासून मनमाड-मुंबई. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोड, दहाच्या आसपास मुंबई, संध्याकाळी सहानंतर परत. मी नोकरीचा सगळा काळ तिच्यात काढला. माझ्या ग्रुपमध्ये दोघांच्या मुलांची लग्नं डब्यातच जमली. पासधारकांच्या डब्यात चढलात की पहिले काही दिवस कोणी जागा देणार नाही. उभे राहा, हसतमुख राहा. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारेल, "तुम्ही कुठे असता?" मग झालं.

निवृत्त_ड्रायव्हर_इगतपुरी

जेलरोडकर, घाटाचं सांगितलंत तर पुढचंही सांगतो. 1930 ला इगतपुरीपर्यंत वीज आली, 1500 व्होल्ट डीसी. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे साठच्या दशकाच्या शेवटी 25 हजार व्होल्ट एसी आली. त्यामुळे कित्येक वर्षं इगतपुरी म्हणजे इंजिन बदलायचं ठिकाण. प्रवासी खाली उतरून चहा प्यायचे, आमची पळापळ चालायची. आता खाली मुंबईपर्यंत सगळीकडे एसीच आहे.

चढाला मात्र सुटका नाही. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागे बँकर म्हणजे जादा इंजिनं लागतात, ती ढकलत वर आणतात. उतारावर इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय कोणी हलत नाही. एक अपवाद मुंबई-निजामुद्दीन राजधानीचा. जानेवारी 2019 ला सुरू झाली, महिनाभरातच तिला पुढे एक, मागे एक अशी इंजिनं कायमची जोडली. बँकरचा थांबा वाचला. नाशिककर दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत.

लोकल नाशिकला का येत नाही म्हणून इथे दर सहा महिन्यांनी कोणीतरी धागा काढतं. त्याचं उत्तरही हा घाटच आहे. मध्येच गाडी थांबली तर तिला त्या उतारावर धरून ठेवायची ताकद साध्या लोकलच्या ब्रेकमध्ये पाहिजे ना!

सिन्नरफाटा_मीनल

काका, पंचवटीचं सगळं बरोबर, पण नव्या माणसाला थोडं आजचंही सांगा. 😄

दादा, द्वारकामार्गे बिटकोकडून गर्दीत येऊ नका. सिन्नर फाट्याच्या बाजूनेही स्टेशनात शिरता येतं, तिथे गाडी सोडायला कोणी आलं तरी अडकत नाही. पंचवटी चुकली तर रडत बसू नका. शेअर टॅक्सीने कसाऱ्याला जा, पुढे लोकल पकडा, उशीर होतो पण हाफ डे वाचतो. परतीला सहाची चुकली तर रात्री विदर्भ, देवगिरी वगैरे लांबच्या गाड्या आहेत, मात्र आधी रिझर्व्हेशन करा. जनरल डब्यात ठाण्यापासून पाय ठेवायला जागा नसते.

आणि काका, देवळालीला विसरलात. देशातली पहिली किसान रेल 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहूनच दानापूरला गेली. आमच्या मामांची डाळिंबं तिकडे पाठवायची चर्चा तेव्हा घरात आठवडाभर चालली होती.

इंदिरानगरचा_भाडेकरू

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ट्रामचे काही अवशेष उरलेत का हो कुठे? आणि सिंहस्थ 2027 मध्ये आहे, तेव्हा पासधारकांचं काय होणार?

जेलरोडकर

ट्रामचे रूळ मी तरी कुठे पाहिले नाहीत. सिंहस्थात काय होतं ते 2015 ला अनुभवलंय: पर्वणीच्या दिवशी प्लॅटफॉर्मवर यात्रेकरूंची गर्दी, गाड्यांचं वेळापत्रक बाजूला, पोलीस सांगतील त्या दारातून आत जायचं. पर्वण्यांच्या तारखा कॅलेंडरवर आत्ताच लाल करा आणि त्या दिवसांचं वर्क फ्रॉम होम साहेबांकडून मागून ठेवा. सोमवारी येताय ना? पादचारी पुलाखाली पेपरवाल्यापाशी उभा असतो, दुसऱ्या डब्यात बसवून देतो.