पुराची मदत: ट्रक भरून सामान पाठवायचं की पैसे?

काठावरचा
कृष्णेचं पाणी चढलं की चौकाचौकांत 'एक हात मदतीचा'चे फलक लागतात. तेव्हा कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आत्ता कोरड्यातच बोलतो. बाहेरून सामानाचे ट्रक पाठवणं बंद करा. पैसे पाठवा.

2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. त्या दिवसांत हव्या होत्या होड्या. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात बोट उलटली, कारण माणसं जास्त आणि बोट एकच. ट्रकांची रांग लागली ती पाणी उतरल्यावर. त्यात काय? बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे. फाटक्या जीन्स, लग्नातले कोट, एका पायाच्या चपला. शाळेच्या पटांगणात ते ढीग भिजून कुजले आणि उचलायला ट्रॅक्टर ग्रामपंचायतीनंच लावला. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुने कपडे असेच रस्त्याकडेला पडले होते. म्हणजे ही खोड काही फक्त पुण्या-मुंबईची नाही.

आम्हाला हवं होतं फिनेल, खराटे, फावडी, तळघरातलं पाणी उपसायला पंप, गॅसची शेगडी, आणि वैरण. वैरणीचा ट्रक क्वचित दिसला. म्हशीबरोबर फोटो चांगला येत नसावा.

गावभागकर
पैसे घेऊन जायचं कुठं, तेवढं सांगा. गणपती पेठेतली दुकानं पाण्यात, एटीएम पाण्यात, बँकेचं पासबुक घरात आणि घर पाण्यात. तेव्हा ज्यानं बिस्किटाचा पुडा हातात दिला तोच देव वाटला.

आणि सरकारी मदतीचं काय झालं ते विसरलात? फुकट दहा किलो गहू नि दहा किलो तांदूळ मिळायला घर दोन दिवस पाण्यात असलं पाहिजे, अशी अट निघाली होती. ट्रकवाल्यानं कुणाला 'किती तास बुडला होता' म्हणून विचारलं नाही. त्याच्या जुन्या कोटाला हसा, पण तो आला होता.

काठावरचा
आला होता, पण कुठवर? डांबरी रस्ता संपला तिथवर. हमरस्त्यालगतच्या गावांत एकेका घरात पाण्याच्या बाटल्यांचे चार-चार खोके, आणि आत मळ्यात, नदीच्या वळणावरच्या वस्त्यांवर काहीच नाही. ट्रकवाल्याला संध्याकाळी परत फिरायचं असतं, तो पहिल्या गर्दीलाच माल देऊन मोकळा होतो.

माणदेशी
दोघांनाही रामराम. त्या ऑगस्टमध्ये आमच्या माण तालुक्यात दुष्काळाच्या चारा छावण्या चालू होत्या. तिकडं तुम्ही पाण्यात, इकडं आमची जनावरं दावणीला. तरी आमच्या बायकांनी भाकऱ्या थापून, चटणी बांधून टेम्पो भरला. यादी मागवली नव्हती. आता तुमचं म्हणणं, भाकरीऐवजी पैसे पाठवायचे? आमच्याकडं तेव्हा पैसा नव्हताच, पीठ होतं.

काठावरचा
भाकरीला कोण नाही म्हणतंय, दादा? शेजारच्या तालुक्यातनं आलेलं शिजवलेलं अन्न त्याच दिवशी पोटात जातं. चारशे किलोमीटरवरनं येणाऱ्या बाटलीबद्दल बोलतोय मी.

पंचनामेवाला
नोकरीमुळं नाव लिहीत नाही. 2019 ला शहरी कुटुंबाला 15 हजार, ग्रामीण कुटुंबाला 10 हजार, त्यातले 5 हजार आधी रोख, असं ठरलं होतं. पैशात वाईट काही नाही, घोळ 'कुटुंब' ठरवताना होतो. दोन भाऊ, दोन चुली, रेशनकार्ड एक. घर मालकाच्या नावावर, भिजलेली गादी भाडेकरूची. पैसे वाटा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर दारोदार फिरावं. शिव्या दोन्हीकडून मिळतात.

कऱ्हाडकरीण
बचत गटात काम करते. खात्यात पैसे म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याच्या खात्यात, हे कुणीच बोलत नाही. आणि सामानाचं म्हणाल तर साड्या ढिगानं येतात. परकर, आतले कपडे, सॅनिटरी पॅड यांची यादी फोनवर सांगायला बाईला बाईच लागते, आणि मदत केंद्रात टेबलाच्या पलीकडे सगळे बाप्ये!

आपल्याकडचंच कशाला, 2016 मध्ये इस्तंबूलला मदतकार्यावरच्या जागतिक परिषदेत मोठमोठ्या देशांनी नि संस्थांनी ठरवलं, 2020 पर्यंत मदतनिधीतला किमान 25 टक्के वाटा त्या-त्या देशातल्या, स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोचवायचा. तो काही पोचला नाही. गावातल्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही, हा रोग तिकडंही आहे. माझं मत: माल विटा-तासगावकडं, म्हणजे पाणी न येणाऱ्या बाजूला एका गोदामात उतरवा, तिथं निवडा, आणि गटातल्या बायकांनी मागितलं तेवढंच पुढं सोडा. पैसे द्यायचे तर बाईच्या नावानं.

गावभागकर
गोदाम पटलं. पण मदत कुणाला द्यायची त्या यादीत कोण बसणार हे सरपंचाच्या मर्जीवर. निवडणुकीत विरोधात गेलेल्या गल्लीचं नाव येईल?

कऱ्हाडकरीण
म्हणून यादी मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचायची आणि चावडीवर लावायची. पाणी दारात असताना केलेली यादी भांडणंच लावते. एकटी म्हातारी, दिव्यांग, बाळंतीण, भाडेकरू ही नावं आधीच माहीत असतात की.

पंचनामेवाला
भाडेकरू मे मध्ये एक, ऑगस्टमध्ये दुसरा. तरी करा, नसल्यापेक्षा बरी.

गावभागकर
गावात ग्रामसभा आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक इथं यादी वाचायची कुणी? शहरात प्रभाग सभा झालेली कुणी पाहिलीय का?