सुधाकराला कोणी बुडवले : तळीरामाने, अपमानाने की त्याच्याच स्वभावाने?

खानापूरकर

आमच्या गावच्या यात्रेत यंदा हौशी मंडळी राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ सादर करणार असून देवळाच्या ओवरीत तालमी सुरू आहेत. पहिल्या अंकाचे वाचन झाल्यावर नायक सुधाकर या वकिलाला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीराम या कारकुनाची भूमिका करणारा तरुण म्हणाला की, सुधाकराच्या नाशाचे सगळे पाप माझ्याच माथी आहे. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही, म्हणून हा विषय येथे मांडतो.

गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि तेव्हापासून आपण ते दारूचे नाटक म्हणूनच पाहत आलो. पण गडकऱ्यांनी त्यात भगीरथ कशासाठी ठेवला आहे? प्रेमभंगाचे दुःख घेऊन तोही प्यायला लागतो, तोही आर्यमदिरा मंडळात, म्हणजे नाटकातल्या दारूबाजांच्या टोळक्यात, जाऊन बसतो. तरी सुधाकराचा मित्र रामलाल याचे चार शब्द कानी पडताच तो तेथून उठतो आणि पुन्हा वळून पाहत नाही. मंडळ तेच, मद्य तेच, रामलालही तोच. फरक ऐकणाऱ्यात आहे. सुधाकराला आपल्या बुद्धीचा इतका अभिमान आहे की, आपण एका प्याल्यावर थांबू शकू याविषयी त्याला क्षणभरही शंका येत नाही. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्येही हेच दिसते. मॅकबेथ राजा होईल हे चेटकिणींचे भाकीत तो आणि त्याचा सोबती बँको दोघेही ऐकतात, बँकोला तर त्याचे वंशज राजे होतील असे सांगितले जाते, पण खून करायला निघतो तो मॅकबेथच. बाहेरचे माणूस फक्त दार ठोठावते. कडी आतूनच निघते, असे माझे मत आहे.

निपाणीकर

आपला मुद्दा विचारपूर्वक मांडलेला आहे, पण घटनांचा क्रम आपण सोडून दिला. सुधाकराच्या हाती प्याला येतो तो वकिलीची सनद तहकूब झाल्यानंतर. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, त्याची वकिली काही महिन्यांसाठी काढून घेतली जाते आणि ज्या एका गोष्टीवर त्याने स्वतःची किंमत ठरवली होती तीच नाहीशी होते. ती जखम ताजी असताना तळीराम येतो. जखम नसती, तर तळीरामासारखा कारकून आयुष्यभर शेजारी बसूनही त्याला काही करू शकला नसता.

हा अपमान आपल्या भागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावचा हा मराठी मुलूख म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात घातला गेल्यानंतर आमच्या वडिलांच्या पिढीने सरकारी कचेऱ्यांत हातात कानडी कागद घेऊन, त्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्याला विचारत, तासन्‌तास उभे राहून दिवस काढले. वडील गावात चार लोकांचे तंटे सोडवणारे होते, पण एका कचेरीतून परत आले की त्या दिवशी ते जेवत नसत. ते व्यसनाकडे वळले नाहीत हे खरे, पण त्यांच्यामागे सारा गाव उभा होता. सुधाकराच्या मागे कोण होते?

शिवाय, नाटकाच्या मध्यावर सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून ओळखीच्या लोकांकडे काम मागायला जातो, तेव्हा दारूबाज म्हणून त्याला अव्हेरले जाते आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. तो प्रवेश लक्षात ठेवूनही सगळा दोष त्याच्या स्वभावावर टाकणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणाऱ्या सभ्य गृहस्थांना मोकळे सोडणे होय.

शहापूरची एक वाचक

आपण दोघेही पुरुषपात्रांभोवतीच फिरत आहात, म्हणून थोडे वेगळे लिहिते. लेडी मॅकबेथ नवऱ्याच्या पौरुषालाच डिवचते. राजा डंकनला मारायचे नाही, हा विषय येथेच थांबवू, असे त्याने तिला स्पष्ट सांगितलेले असते आणि तरीही त्याच प्रवेशाच्या शेवटी तो खुनाला तयार होतो. सुधाकराची बायको सिंधू याच्या अगदी उलट आहे. ती कधीच अडवत नाही, दळण दळून घर चालवते, भावाच्या घरचा पैसा घेत नाही आणि नवऱ्याविषयी वावगा शब्द ऐकून घेत नाही. पण न संपणारी क्षमा हाही एक प्रभावच नव्हे का? आपण कितीही खाली गेलो तरी ही येथेच असेल, अशी खात्री सुधाकराला नाटकभर मिळत राहते. सिंधूला दोष द्यायचा माझा हेतू नाही. ज्या आदर्शाने तिला गप्प बसवले त्या आदर्शाला मी दोष देते, आणि तो आदर्श आपण आजही टाळ्या वाजवून पाहतो, याचे मला मनापासून दुःख होते.

चिकोडीकर

ताईंच्या मताबद्दल आदर राखून विरोध नोंदवतो. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती गप्प बसत नाही, नवऱ्याला तोंडावर सुनावते. त्याने तळीराम सुधारला का? शेवटपर्यंत तो तसाच राहिला आणि तसाच मेला. तेव्हा पत्नीच्या मौनातून किंवा बोलण्यातून पुरुषाच्या अधःपाताचा हिशोब लावता येत नाही, हे नाटककारानेच दोन जोडपी शेजारी ठेवून दाखवले आहे.

शहापूरची एक वाचक

गीतेचा दाखला योग्य आहे आणि तो मला सुचला नव्हता. तरी तळीराम हा आधीच बुडालेला माणूस आहे, सुधाकर आपल्या डोळ्यांदेखत बुडतो. पाणी घोट्यापर्यंत असताना मारलेली हाक आणि गळ्यापर्यंत आल्यावर मारलेली हाक यांत अंतर असते.

खानापूरकर

निपाणीकरांनी सांगितलेला काम नाकारण्याचा प्रवेश मी पुन्हा वाचला. तेथे माझे म्हणणे लंगडे पडते, हे मान्य करतो. दुसऱ्यांदा सुधाकर पडतो तेव्हा त्याचा गर्व उरलेलाच नसतो; तो हात पसरून गेलेला असतो. मात्र पहिल्या प्याल्याविषयी माझे मत कायम आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून केलेले ‘झुंजारराव’ घ्या. (देवल बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते आणि किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणून हे नाटक मला घरचे वाटते.) त्यात कान भरणारा माणूस खोटा पुरावा रचतो, रुमालाचा डाव टाकतो, नायक फसवला जातो. तळीराम असे काहीच रचत नाही. तो खोटे बोलतो ते एवढेच की, एकच प्याला. हे खोटे आहे हे वकिलासारख्या माणसाला कळत नव्हते, असे मी मानणार नाही.

म्हणून तालमीत मी असे सुचवले आहे की, तळीरामाने प्याला सुधाकराच्या हातात देऊ नये. तो मेजावर ठेवून त्याने दोन पावले मागे सरावे, आणि सुधाकराने स्वतः हात पुढे करावा.

निपाणीकर

तसे अवश्य करा, माझी हरकत नाही. फक्त त्याच वेळी त्याच्या डाव्या हातात सनद तहकूब झाल्याचा कागद असू द्या, आणि प्याला उचलताना तो कागद त्याने खाली ठेवू नये.