मदत हवी आहे: 'डिझायर पाथ'ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. शहररचनेवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय आणि दोन शब्दप्रयोगांवर अडलेय.

पहिला 'डिझायर पाथ'. आखलेला फरसबंद रस्ता सोडून लोक हिरवळीतून सरळ जातात आणि गवत तुडवून वाट पडते, ती. 'पायवाट' लिहून पाहिलं, पण लोकांनी आखणाऱ्याचा रस्ता नाकारला हे त्यात येत नाही, आणि तोच तर त्या शब्दाचा प्राण आहे. 'आडवाट' उलटंच सांगते.

दुसरा, शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांचा १९६१चा 'आइज ऑन द स्ट्रीट'. खिडकीतल्या, दुकानातल्या माणसांचं सहज लक्ष असतं म्हणून रस्ता सुरक्षित राहतो. 'पाळत' म्हटलं की पोलीस आठवतात. 'राबता' जवळचा, पण त्यात नजर नाही. तुमच्याकडे बोलण्यात एखादा शब्द आहे का?