विजापूर रोडच्या लॉनवर गाण्याचा कार्यक्रम आहे : कुठं बसायचं, काय न्यायचं?

विजापूर_नाका

मंडळी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आपल्याच सोलापूरचा एक गायक इथल्या विजापूर रोडवरच्या लग्नाच्या लॉनवर गाणार आहे. गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. साथीला तबला आणि बासरी, बस्स. तिकिटावर लिहिलंय : गेट ५.३०, कार्यक्रम ६.३०, भारतीय बैठक, बसायला चादर आपापली आणावी.

हुतात्मा स्मृती मंदिरात (आपलं नाट्यगृह) खुर्चीचा नंबर बघून बसणं वेगळं, हे उघड्यावरचं प्रकरण नवीन आहे. गाण्यांत शब्द महत्त्वाचे, तेव्हा ते नीट ऐकू येतील अशी जागा कुठली? सोबत आई (गुडघे दुखतात) आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. एक मित्र पुण्याहून येणार, एकाला त्याच रात्री मुंबईला परत जायचंय. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं चालतं का, हेही कुणी सांगा.

साउंडचेक

सगळा हिशोब रात्री १० पासून उलटा मोजायचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांतच संपतात. त्यामुळे पत्रिकेवर कितीही 'निवांत मैफल' लिहिलेलं असो, दहाला पाच कमी असताना शेवटची तार वाजलेली असते. साडेसहाचा कार्यक्रम सातला सुरू झाला तर तो अर्धा तास पुढं भरून मिळत नाही, गाणी कमी होतात. आठला आरामात पोचू म्हणणाऱ्यांचा निम्मा कार्यक्रम गेलेला असतो.

आता जागा. पहिल्यांदा जाणारे पळत जाऊन स्टेजला चिकटून बसतात. शब्द ऐकायचे असतील तर ती जागा वाईट. मोठे स्पीकर स्टँडवर उंच असतात आणि त्यांचा रोख मागच्या लोकांकडे असतो. अगदी पुढं बसलं की डोक्यावरून आवाज निघून जातो, आणि कानावर येतो तो तबल्याचा थेट आवाज आणि गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरची, म्हणजे मॉनिटरची पाठ. चेहरा छान दिसतो, ओळी मात्र अर्ध्याच कळतात.

डाव्या-उजव्या स्पीकरमधलं अंतर नजरेनं मोजा. ते ८ मीटर असेल तर स्टेजपासून ८ ते १२ मीटरवर, मधोमध बसा. साउंडवाल्याचा मिक्सर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचं टेबल) बहुतेक मैदानात मागच्या बाजूला मधोमध मांडलेला असतो. तो जे ऐकतो त्यावर सगळं बेततो, म्हणून मिक्सरच्या थोडं पुढं ही खात्रीची जागा. काही लॉनवर मिक्सर स्टेजच्या बाजूला कोपऱ्यात ठेवतात. तिथं ही खूण लागू नाही, अंतराचाच हिशोब धरा.

सभागृहात भिंती आवाज परत फेकतात, मैदानात तो नुसता पसरतो. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते. म्हणजे १० मीटरवर जे स्पष्ट ऐकू येतं, त्यातले 'स', 'श', 'त' ४० मीटरवर वाऱ्यात विरतात. वारा स्टेजकडून आपल्याकडे असेल तर फायदा. आपल्याकडून स्टेजकडे असेल तर आवाज वर उचलला जातो, मग थोडं पुढं सरका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. शेजारच्या लॉनवर रिसेप्शन असेल तर त्यांचा डीजे आपल्या बासरीवर चढतो. संध्याकाळी सहाला तो ऐकूही येत नाही आणि आठला एकदम जवळ आल्यासारखा वाटतो, कारण सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा लवकर थंड होते आणि आवाज वर जाण्याऐवजी खाली वळून लांब पोचतो. आत शिरताना डावीकडे-उजवीकडे कुठं मांडव, कमान, लायटिंग दिसतंय ते बघा आणि विरुद्ध बाजूला सरकून बसा.

कडकभाकरी

मालक, साउंडचेकनी आवाजाचं सांगितलं, मी बुडाखालचं सांगतो.

चादर एकटी नेऊ नका. लॉनला दुपारी पाणी मारलेलं असतं. वरून हिरवळ कोरडी दिसते, पण तळहात दाबून बघितला की ओल लागते. खाली ६ बाय ८ फुटांची पातळ ताडपत्री किंवा प्लास्टिक, वर सोलापुरी चादर. एकेरी चादर साधारण पाच बाय साडेसात फूट, त्यावर मांडी घालून चार मोठे बसतात, पाचवा बसला की सगळ्यांचे गुडघे बाहेर. ताडपत्रीची कड चादरीच्या बाहेर राहू देऊ नका, आत दुमडा. वाऱ्यानं ती फडफडत राहते आणि मागचे लोक दोन तास तुमच्याकडे बघत बसतात.

दुसरी चादर पांघरायला. 'सोलापुरात कसली थंडी' म्हणू नका. फेब्रुवारीत दुपारी ३३-३४ असतं आणि रात्री १८-२० पर्यंत उतरतं. उघड्यावर, न हलता बसलेल्या माणसाला नऊ वाजता ते चांगलंच जाणवतं. मुलाला स्वेटर आणि कानटोपी. पलीकडं संभाजी तलाव, त्यामुळे दिवेलागणीला डास ठरलेले. क्रीम घरूनच पायाच्या घोट्यांना लावून निघा, मोज्यांवरून चावतात ते.

पार्किंगच्या मोकळ्या जागेत सराटे (जमिनीवरचे काटे) असतात, तिथं लेकराला अनवाणी सोडायचं नाही. चपला पिशवीत घालून चादरीच्या कडेला ठेवा, अंधारात शंभर चपलांतून आपली शोधणं अवघड.

खाणं आत नेऊ देतात का, ते तिकिटावर बघा. देत असतील तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीसारखं दुसरं काही नाही. सांडत नाही, वास मारत नाही, तासन्‌तास टिकतं. फक्त भाकरी घरीच मोडून न्या. हळू गाण्यात कडाकडा मोडायला बसलात तर पुढचे चार लोक वळून बघतील. रस्सा, दही, कुरकुऱ्यांची चरचरीत पाकिटं नकोत. पाणी स्टीलच्या बाटलीत.

पैसे : ५० आणि १०० च्या नोटा ठेवा. हजारभर माणसं एका टॉवरवर आली की यूपीआय फिरत बसतं आणि चहावाला वैतागतो. तिकिटाचंही तेच. घरच्या वाय-फायवर ॲप उघडून तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा. काही ॲपांचा क्यूआर दर थोड्या वेळानं बदलतो, तिथं स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. चार तिकिटं एकाच फोनवर असतील आणि पुण्याचा मित्र मागून येणार असेल, तर त्याचं तिकीट आधीच त्याच्या फोनवर पाठवा. नाहीतर ऐन तिसऱ्या गाण्याला तुम्ही गेटवर.

विजापूर_नाका

भारी! पण आईचं कसं? आणि फर्माईश करता येते का अशा ठिकाणी? एक जुनं गाणं आहे त्याचं, हल्ली गात नाही.

कडकभाकरी

आईंसाठी मधोमध बसू नका, इथं माझं साउंडचेकशी पटत नाही. मधली जागा ऐकायला चांगली, पण एकदा भरली की स्वच्छतागृहापर्यंत जायला वीस चादरी ओलांडाव्या लागतात. सहा वर्षांचं पोरगं दोनदा तरी उठणारच. मिक्सरच्या रेषेतच राहा, पण चालायच्या वाटेच्या कडेला. आवाजात थोडा फरक पडतो, बाकी जीव शांत राहतो.

बहुतेक आयोजक ज्येष्ठांसाठी कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या लावतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. घरून खुर्ची न्यायची तर बुटकी, बसायची उंची फूटभराच्या आतली. मोठी घडीची खुर्ची बैठकीच्या मधोमध टाकली की मागच्यांना फक्त तुमची पाठ. आणि जे खाली बसणार आहेत त्यांनी जाड चादरीची घडी करून तीन-चार इंच उंच करावी आणि तिच्या पुढच्या कडेवर बसावं. कंबर गुडघ्यापेक्षा वर राहिली की पाठ दोन तास तग धरते.

सहा_तारा

फर्माईशीबद्दल. ओरडून सांगू नका, त्यामागं कारण आहे. एकटी गिटार घेऊन गाणारा माणूस गाण्यांचा क्रम नुसता मूडवर लावत नाही, तारांच्या जुळणीवर (कुठली तार कुठल्या सुराला लावली त्यावर) लावतो. काही गाणी नेहमीच्या जुळणीत, काही एक-दोन तारा उतरवून, काही कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा, सूर चढवणारा चिमटा) लावून. एका जुळणीतली गाणी सलग घेतली की वेळ वाचतो. मधूनच वेगळ्या जुळणीचं गाणं मागितलं तर तारा उतरवायला-चढवायला दीड-दोन मिनिटं, आणि परत येताना तेवढीच. दहाच्या मर्यादेत ते एका गाण्याचं नुकसान.

त्यापेक्षा चार दिवस आधी त्याच्या समाजमाध्यमाच्या पानावर गाण्याचं नाव लिहा. गावातल्या कार्यक्रमात जुनी गाणी निघण्याची शक्यता जास्तच असते, समोर ओळखीची माणसं असतात. किंवा ठळक अक्षरात चिठ्ठी लिहून गाणं सुरू व्हायच्या आधी स्वयंसेवकाकडे द्या. चिठ्ठीवर फक्त गाण्याचं नाव. 'आमच्या ताईच्या वाढदिवसानिमित्त' वगैरे तीन ओळी अंधारात कोण वाचणार?

मध्येच तो बराच वेळ खुंट्या पिळत बसला तर 'झालं का बे' म्हणून हाका मारू नका. दुपारच्या उन्हात साउंडचेक करताना जुळवलेल्या स्टीलच्या तारा संध्याकाळी गार हवेत आकसतात आणि सूर चढतो. तबल्याची पुडीही (वरचं चामडं) हवेबरोबर बदलते, तिला हातोडीनं परत सुरात आणावं लागतं. बासरीचं उलट, गार हवेत ती उतरते. तिघांना एकमेकांशी जमवून घ्यायला पहिल्या दोन-तीन गाण्यांनंतर वेळ लागतोच. गप्पा तो तेव्हाच मारतो, त्या ऐका. गाण्यामागची गोष्ट बहुधा तिथंच सांगतात.

टाळ्यांचा ठेका लांबून धरू नका. ४० मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोचायला सुमारे ०.१२ सेकंद लागतात, त्याची टाळी स्टेजवर परत यायला आणखी तेवढेच. गायकाला ती जवळजवळ पाव सेकंद उशिरा ऐकू येते आणि लय ओढली जाते. पुढचे लोक वाजवत असतील तर वाजवा, नाहीतर गाण्याचं ध्रुवपद म्हणा, ते जास्त शोभतं.

वन्स मोअरचंही दहामुळे बदललंय. पडद्याआड जाऊन परत येण्याचा खेळ उघड्या लॉनवर होत नाही. साडेनऊ-पावणेदहाला तो 'आता शेवटचं' म्हणतो, लोक चादरी झटकायला लागतात आणि मग तो सगळ्यांत गाजलेलं गाणं काढतो. पार्किंगमध्ये उभं राहून ते ऐकणारे दरवेळी शंभरेक असतात.

साउंडचेक

कडकभाकरी, आईंच्या बाबतीत तुमचं मान्य. मुलाबद्दल : स्पीकरच्या थेट समोर, १० मीटरच्या आत बसवू नका. गिटार-तबल्याचा कार्यक्रम डीजेइतका मोठा नसतो, तरी लहान कानांना दोन तास तेवढं पुरे. कापसाचे बोळे घालून फारसा उपयोग होत नाही. कान पूर्ण झाकणारे मुलांचे इअरमफ मिळतात, ते घ्या.

रेकॉर्डिंग : कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्या हक्काचा भंग ठरत नाही, पण ते यूट्यूबवर चढवणं म्हणजे स्वतःचा वापर नव्हे. आणि आयोजकांनी तिकिटावर रेकॉर्डिंगला मनाई केली असेल तर ती पाळावी लागते. विशेषतः 'हे नवीन आहे, अजून कुठं आलेलं नाही' असं सांगून गायलेलं गाणं अजिबात टाकू नका. चाल पक्की व्हायच्या आधीच कच्चा तुकडा फिरायला लागला की पुढच्या वेळी गावात नवीन काही गाणार नाही तो. घ्यायचंच तर एक गाणं घ्या, फोन छातीच्या उंचीवर, पडद्याचा उजेड कमी. स्पीकरजवळ फोनच्या माइकमध्ये आवाज फाटतो, १५-२० मीटरवरचं रेकॉर्डिंग त्यापेक्षा चांगलं येतं.

सूर्यास्त त्या सुमारास साडेसहाच्या आसपास आहे. स्टेज पश्चिमेला असेल तर गेट उघडल्यापासून कार्यक्रम सुरू होईपर्यंत सगळं ऊन डोळ्यांवर, आईंसाठी टोपी ठेवा.

रात्रीची_गाडी

पुण्याच्या मित्राला सांगा, हुतात्मा एक्स्प्रेस उपयोगाची नाही. ती संध्याकाळी पुण्याहून सुटते आणि इथं येईपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो. सकाळी निघून दुपारी पोचणारी गाडी धरावी, नाहीतर एसटी. महामार्गानं सुमारे २५० किलोमीटर, जेवणाच्या थांब्यासह पाच तास धरा.

मुंबईवाल्याचं अवघड आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहानंतर थोड्याच वेळात सुटते, त्या दिवशीची नेमकी वेळ ॲपवर बघून घ्या. लॉनवरून विजापूर नाका, सात रस्ता करत स्टेशनला रिक्षेनं एरवी वीस मिनिटं पुरतात. पण दहाला सगळे एकदमच बाहेर पडतात, तेव्हा रिक्षा मिळण्यातच तेवढी जातात. त्यानं पावणेदहाला उठायचं, रिक्षा जाताना ठरवून ठेवायची आणि गेटपासून शंभर पावलं पुढं, नाक्याच्या दिशेला उभी करायला सांगायची. शेवटचं गाणं हवं असेल तर मुक्काम करून सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत.

स्वतःची गाडी नेत असाल तर आत शिरतानाच तोंड बाहेर करून लावा. दुचाकी मधल्या रांगेत नको, चारी बाजूंनी अडकते.