नवसाचा बोकड आणि वल्हांडणाचं कोकरू
'ख्रिस्ताचा बळी म्हणजे आपल्या नवसाच्या बोकडासारखाच' असं कुणीतरी लिहिलंय, ते पटत नाही. नवसात माणूस देवाला देतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (योहान 1:29) येशूला म्हटलेला कोकरा 'देवाचा' आहे, म्हणजे देणारा देवच.

एक गोष्ट मात्र जुळते. बायबलमधल्या निर्गम 12 प्रमाणे वल्हांडणाचं (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या ज्यू सणाचं) कोकरू दहाव्या दिवशी निवडून चौदाव्यापर्यंत राखायचं, मग कापायचं. रक्त दाराच्या चौकटीला, आणि हाड एकही मोडायचं नाही (वधस्तंभावर येशूचे पाय मोडले नाहीत, हे योहान मुद्दाम सांगतो ते यासाठीच). नवापूरला आमच्या शेजारी नवसाचा बोकड दोन वर्षं अंगणात वाढला होता. त्याला नेलं त्या रात्री पोरं रिकामं दावं हातात धरून बसली, जेवलीच नाहीत. कोकरू चार दिवस आपल्याजवळ का राखायचं, ते मला तेव्हा उमगलं.